हात राखून

बीड जिल्ह्यातील शिरूर कासारहून तागडगावच्या वाटेला लागले म्हणजे जो मुलूख डोळ्यांपुढे उलगडू लागतो, त्याला रम्य म्हणण्याचे धाडस कोणी प्रवासवर्णनकार करील असे वाटत नाही. सिंदफणेच्या पात्रात उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळू आणि वाळूपेक्षा वाळूचे खड्डे अधिक. दोन्ही अंगांस मुरमाड माळ, मध्येच कपाशीचा एखादा काळा पट्टा, आणि दिवाळी सरली की निम्म्या घरांना कुलपे घालून ऊसतोडीला निघून जाणारी गावे. दाट झाडी म्हणजेच अरण्य, ही समजूत आपल्या मनात इतकी मुरलेली आहे की असा माळ दिसला की आपण त्याला सरसकट पडीक म्हणतो. महसुली दप्तरही आपल्याहून निराळे काही म्हणत नाही. परंतु काळविटाला विचारले तर याच भूमीचे तो स्तोत्र गाईल. आखूड गवत, दृष्टी पोहोचेल तेथवर निष्कंटक मोकळीक, आणि आडोसा म्हणून कोठेही नाही! ज्या प्राण्याची सारी सुरक्षितता डोळ्यांत आणि पायांत साठविलेली आहे, त्याला आणखी काय हवे? शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे 1980 साली काळविटांसाठी जे अभयारण्य राखले गेले, त्याचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर असूनही तेथे कळप नांदतात, ते याच उघडेपणाच्या बळावर.

हे काळवीट उधळले म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या घरात जाते. या माळावरच्या लांडग्याला चुकविण्यासाठी एवढा वेग खास लागत नाही. तो वेग ज्याच्यासाठी युगानुयुगे घडत गेला, तो शत्रू आता येथे नाही. दख्खनच्या पठारावर एके काळी चित्ता होता. तो गेला, आणि त्याच्या भीतीने घडविलेले पाय मात्र हरणापाशी राहिले. 1947 च्या सुमारास कोरिया संस्थानच्या महाराजांनी शेवटचे तीन चित्ते एका रात्री टिपले आणि 1952 साली सरकारने चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर केले, एवढा वृत्तांत शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. बंदुकीवर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे असते. माळ नांगराखाली गेले, हरणे घटली, हीही कारणे आहेतच. परंतु चित्त्याच्या कथेत आणखी एक कारण आहे, आणि ते वैराचे नसून लाडाचे आहे.

वाघाला माणूस भ्याला. चित्त्याला त्याने जवळ केले. चित्ता डरकाळी फोडीत नाही. खुशीत आला की मांजरासारखा घुरघुरतो, आणि माणसावर सहसा चालून येत नाही. ही त्याची सौम्यताच त्याला भोवली. अकबराच्या पदरी सुमारे हजार चित्ते होते. त्यांची दर्जावार वर्गवारी, मांसाची रोजची नेमणूक आणि दिमतीचे नोकर यांचा सारा तपशील दरबारी ग्रंथांत नोंदलेला आहे. एका चित्त्याने रुंद घळ उडी मारून ओलांडली आणि पलीकडचे हरीण धरले, तेव्हा त्याच्यापुढे नौबत वाजवीत जाण्याचा हुकूम झाला. मराठी मुलखातही हा शौक अपरिचित नव्हता. कोल्हापूर संस्थानाने तर देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवून काळविटांची शिकार चालू ठेवली. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडीत बसवायचा, गाडी कळपाच्या टप्प्यात आली की टोपी उतरवायची, आणि मग पुढचे काही क्षण डोळ्यांचे पारणे फिटेपर्यंत पाहायचे. त्याला राखणारा चित्तेवान रात्री त्याच्याच शेजारी खाट टाकून निजे, अष्टौप्रहर त्याच्याशी बोले, त्याच्या अंगावरून हात फिरवी. प्राणिमात्राशी याहून निकटचे सख्य कोणी केले असेल असे वाटत नाही.

आणि या सख्यात वंश खुंटला. पाळलेला चित्ता कैदेत वीत नसे. शिवाय शिकारीची विद्या चित्त्याला त्याची आईच शिकविते, माणसाला ती शिकविता येत नाही. म्हणून पिलू उपयोगाचे नसे, रानात तरबेज झालेला प्रौढ चित्ताच धरून आणावा लागे. शतकानुशतके माळावरून वयात आलेले नर आणि माद्या उचलल्या गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे की, वडिलांनी चित्त्यांची जोडी जमावी म्हणून परोपरीने यत्न केले, पण ते फळले नाहीत. आपल्या कारकीर्दीत मात्र एक नर गळ्यातील पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तिला तीन पिल्ले झाली. ही गोष्ट 1613 सालची. यानंतर बंदिवासात चित्त्याची पिल्ले जन्मल्याची नोंद मिळते ती एकदम 1956 मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. साडेतीन शतकांच्या लालनपालनात एकदाच काय तो पट्टा निसटला आणि एकदाच पाळणा हलला!

हे सारे मनात घोळण्याचे कारण असे की तागडगावला ज्यांच्या सोबतीने गेलो, ते माझे स्नेही नुकतेच दक्षिण आफ्रिकेहून परतले होते आणि तेथे शुल्क भरून चित्त्याच्या पाठीवरून हात फिरवीत काढून घेतलेले छायाचित्र त्यांच्या खिशातील फोनवर सदैव सिद्ध होते. तागडगावचे सर्पराज्ञी वन्यजीव पुनर्वसन केंद्र पाहावे, अशी इच्छा त्यांच्या धाकट्या मुलीची होती. सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याने उभारलेले हे केंद्र. नावात सर्प असला तरी आश्रयाला येणाऱ्यांत जातीचा भेद नाही. आम्ही गेलो तेव्हा कुत्र्यांनी मांडी फाडलेले एक काळवीट होते, पंख मोडलेली घार होती, आणि कोरड्या विहिरीतून काढलेला एक कोल्हा अत्यंत तुच्छतेने आमच्याकडे पाहत होता.

काळविटाच्या जखमेची मलमपट्टी चालली होती. दोघांनी त्याला जमिनीवर दाबून धरले होते आणि त्याच्या डोळ्यांवर जाड फडके बांधले होते. शेकडो वर्षे चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी होती ती त्याला हरीण दिसू नये म्हणून. येथे हरणाच्या डोळ्यांवर फडके होते ते त्याला माणूस दिसू नये म्हणून. हरणाच्या अंगाला आजवर जो परका स्पर्श झाला, तो त्याच्या पूर्वजांच्या अनुभवात मृत्यूचाच होता; आपण कितीही प्रेमाने हात लावला तरी त्याच्या रक्ताला तो पंजाच वाटतो. धरलेले हरीण पुष्कळदा जखमेने मरत नाही, भयाने मरते: धडपडीत स्नायू आतल्या आत झिजतात, त्याचे विष रक्तात उतरते, आणि वरून धडधाकट दिसणारा प्राणी काही तासांनी किंवा काही दिवसांनी मान टाकतो. म्हणून येथे कोणी मोठ्याने बोलत नव्हते, आणि पट्टी बांधून होताच चारही हात एकदम दूर झाले.

एका कोपऱ्यात शेळीच्या दुधावर वाढणारे पाडस होते. कपाशी वेचणाऱ्या बायकांना ते बांधावर सापडले होते; आईवेगळे झाले असे समजून त्यांनी ते पदराखाली घालून आणले. त्यांच्या दयेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु काळविटाची मादी पिलाला पहिले काही दिवस गवतात निपचित निजवून दूर चरायला जाते आणि पाजण्यापुरती परत येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या दिवशी संध्याकाळी ती मादी त्या बांधावर आली असेल. पाडस अनाथ नव्हते. आपल्या मायेने ते अनाथ केले.

मुलीने साहजिकच हात पुढे केला. राखणीला असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तो मध्येच अडविला. "बाळा, हात नको लावूस त्याला. हाताची सवय लागली की ते माणसाला भ्यायचं सोडतंय. मग उद्या रानात गेल्यावर कुत्र्यालाबी भ्यायचं नाही." मुलीने विचारले, "मग तुम्ही दूध कसं पाजता?" म्हातारा हसला. "पाजायचं अन् लगेच मागं सरायचं. लाड न्हाई करायचा. आमालाबी लई वाटतंय की."

या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. शौकीन बादशहाला जे साधले नाही ते या गृहस्थाला साधले होते, आणि वाटत नव्हते म्हणून नव्हे, तर वाटत असून. चित्ता देशात पुन्हा वसविण्यासाठी मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते आले. तेथे 2023 च्या मार्चात जन्मलेल्या चार पिल्लांपैकी तीन उन्हाने दगावली आणि मुखी नावाची चौथी माणसांनी वाढविली. पण हात लागला म्हणून प्राणी रानाला कायमचा मुकतोच असे नाही. तो हात वेळीच मागे घ्यावा लागतो, इतकेच. आणि छायाचित्र काढू पाहणाऱ्या हाताला नेमके तेच अवघड जाते.

निघताना स्नेही किंचित नाराज होते. "पाहायचे लांबून, हात लावायचा नाही, जवळ बसायचे नाही, मग एवढ्या धुळीतून यायचे कशाला?" मी म्हणालो, "कडब्याचा भाव विचारून पाहा." त्यांनी खरेच विचारला, आणि जो ऐकला तो ऐकून पाकीट काढले. व्यवहारात ते चोख असल्यामुळे पावतीही मागितली. कोणाच्या नावे करायची, असे विचारताच मुलीने मध्येच आपले नाव सांगितले, आणि स्नेह्यांनी हाती घेतलेला फोन पुन्हा खिशात घातला.