पाऊस, भजे आणि बीड

कोकणातली माणसं पावसाला कंटाळली, असं ऐकलं की आम्हा बीडकरांना हेवा वाटतो. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वेळेवर येईलच याचा भरवसा नाही. म्हणून झड लागली की गावातली हॉटेलं गजबजतात. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन-तीन बाकडी आणि धगधगता स्टोव्ह.

आज भिजतच आत शिरलो. कढईत मिरचीचे भजे तरंगत होते. वरून कुरकुरीत, आत मिरची अजून हिरवीगार. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी. हातातल्या कागदावर तेलाचा डाग पसरत गेला. वर आल्याचा कट चहा. सकाळी आलो तर इथेच सुशीला खातो: भिजवलेले मुरमुरे, फोडणी, शेंगदाणे, वरून लिंबू.

आता काचेच्या दारांचे कॅफेही झालेत. पोरापोरींना कोल्ड कॉफी घेऊन निवांत बसता येतं, चांगलंच आहे. पण बाकड्यावर गेवराईचा, पाटोद्याचा, केजचा माणूस शेजारी असतो. ‘‘तुमच्याकडं किती झाला?’’ हा पहिला प्रश्न. मग बिंदुसरा धरण किती भरलं, कपिलधारचा धबधबा सुरू झाला का, सोयाबीन कसंय. पावसानं ओढ दिली की एक कट दोघांत होतो. आज मात्र सगळेच दुसरी प्लेट सांगत होते, मीही सांगितली.