टचिंग

आमच्या धंद्यात 'टचिंग' हा शब्द लग्नाच्या मुलीच्या फोटोपासून वारलेल्या आजोबांच्या फोटोपर्यंत सगळीकडे चालायचा. वडील निगेटिव्ह तिरक्या चौकटीवर ठेवत, मागून उजेड घेत आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल चालवत. निगेटिव्हवर काळं केलं की कागदावर गोरं उमटतं. डोळ्यांखालची वर्तुळं, आठ्या, देवीचे व्रण, सगळं त्या पेन्सिलीखाली जाई. "गिऱ्हाईक आरसा बघायला येत नाही," असं ते म्हणत.

सांगलीतल्या वडिलांच्याच स्टुडिओत मी आता जुने फोटो दुरुस्त करतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा घराघरात शिरली, त्यानंतर काही महिने मला दुसरं काम नव्हतं. माणसं अल्बम घमेल्यात घालून आणत. प्रत्येकाला एकच सांगायचो: सोलू नका, उन्हात टाकू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. तो भिजला की खिरीवरच्या सायीसारखा सुटतो, वाळला की शेजारच्या पानाला, नाहीतर काचेला धरून बसतो. चिकटलेले फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे, आपणहून सुटायची वाट बघायची आणि एकेक करून वर्तमानपत्राची शाई लागणार नाही अशा कोऱ्या कागदावर पसरायचे. अर्धी दुरुस्ती म्हणजे हात आवरणं, हे तेव्हा कळलं असं मला वाटत होतं. ते तेव्हा कळलं नव्हतं.

पुराच्या त्या ढिगात आमच्या गल्लीतल्या आत्यांचा एक फोटो होता. त्यांचे वडील, वय वर्ष सव्वा, झबलं घालून खुर्चीत. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, कडांना चांदीसारखी झाक आलेला, शंभरी ओलांडलेला. स्कॅन केला, बुरशी काढली, चिरा बुजवल्या. झबल्याच्या कमरेशी चारपाच काळसर ओघळ होते, तेही पुसले. प्रिंट सुरेख आली. आत्यांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "अरे, आजीची बोटं कुठं गेली?"

त्या काळच्या काचेच्या प्लेटा आजच्या मानानं मंद. स्टुडिओत काचेच्या छपरातून येईल तेवढाच उजेड, त्यामुळे सेकंद-दोन सेकंद हलायचं नाही. सव्वा वर्षाचं पोर हलणारच. मग आईनं खुर्चीमागे बसायचं, अंगावर पडद्यासारखं कापड ओढून घ्यायचं आणि मुलाला कमरेशी घट्ट धरायचं. विलायतेतल्या स्टुडिओंतही हीच युक्ती होती, तिथले असे पुष्कळ फोटो उरलेत. मी ज्याला खुर्चीची गादी समजलो होतो ती आत्यांची आजी होती. त्या बाईचा दुसरा फोटो घरात नाही.

मूळ स्कॅन मी कधीच खोडत नाही, ही माझी एकुलती एक शिस्त. त्याच रात्री बोटं परत आणली.

तेव्हापासून जुनं चित्र समोर आलं की मी आधी त्यातलं नकोसं शोधतो. फेलिचे बेआतो या फोटोग्राफरनं काढलेला लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो इतिहासाच्या पुस्तकांत हमखास असतो. पडकी इमारत, पुढे चार माणसं, एक घोडा, अंगणभर हाडं आणि कवट्या. खाली '१८५७' असं छापलं की काम झालं. पण सिकंदरबागेची लढाई १८५७ च्या नोव्हेंबरातली आणि बेआतो लखनौला पोचला १८५८ च्या मार्चमध्ये. चार महिने ही हाडं अशी अंगणात कोण ठेवील? त्यातून ती ओल्या प्लेटची पद्धत. काचेला रसायन फासा, ओलं असतानाच कॅमेऱ्यात घाला, वाळायच्या आत धुऊन काढा. अशा कामात कुणी सहज चालत येऊन चौकटीत सापडत नाही. माणसं उभी केलेली असतात. ती हाडंही 'उभी' केलेली असणार, असं माझा धंदा मला सांगतो. मग तो फोटो बंडाचा उरत नाही, जिंकणाऱ्यांना बंड कसं दिसायला हवं होतं त्याचा होतो. तसा तो मला जास्त खरा वाटतो.

आणि फोटोशॉप आपल्या काळात आलं असं मानणाऱ्यांनी विल्यम जॉन्सनचे मुंबईच्या जातीजमातींच्या फोटोंचे १८६३ आणि १८६६ चे खंड बघावेत. माणसं एकीकडची, मागचा देखावा दुसरीकडचा, मध्ये कात्रीची कड.

अजिंठ्याला पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभा राहिलो, तेव्हा चित्राआधी मला ओळखीची पिवळट झाक दिसली. जुन्या व्हार्निशची. रॉबर्ट गिल १८४४ पासून इथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत बसला, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सनं जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा करवून घेतल्या, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या, त्याही लंडनलाच. नकला गेल्या, भिंत राहिली. पण नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर व्हार्निश फासलं होतं. पुढे १९२० च्या सुमारास निजामानं आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग टिकावेत म्हणून लाखेचा थर दिला. सगळ्यांचा हेतू चांगलाच. थर पिवळे पडले, आखडले, खालचे रंग ओढू लागले आणि आता पुरातत्त्व खात्याची माणसं ते इंचाइंचानं काढतात. माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "काय सोनेरी रंग आहे!" मी काही बोललो नाही.

सध्या वडिलांच्या निगेटिव्ह स्कॅन करतोय. साठच्या दशकातल्या, डबेच्या डबे. निगेटिव्ह सरळ उजेडावर धरली की गुळगुळीत चेहरे दिसतात. तिरपी धरली की पेन्सिलीचं शिसं चमकतं, गालभर, बारीक बारीक ठिपक्यांत. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडलेला नाही, आणि इथं माझ्या हातात एका गावाच्या गालांवरची देवी आहे, वडिलांनीच एकेक व्रण हेरून, त्यावर टोक टेकवून नोंदवलेली. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं ती पेन्सिल सहज निघते. परवा बोळा भिजवला होता. खालचे चेहरे बघायची फार इच्छा होती. मग दिवा बाजूला सरकवला, निगेटिव्ह तिरपी धरली आणि त्या चमकेचाच फोटो काढला.