न दिसणारा रोग

गेल्या चैत्रांत आमच्या धाकट्या सूनबाईंस तिसरा महिना असतां जळगांवच्या डॉक्टरीणबाईंनीं रक्ततपासणींत उपदंशाची चांचणीही लिहिली. "आपल्या घरांत ही शंका?" म्हणून आमचें कुटुंब दोन दिवस कोणाशीं धड बोललें नाहीं. धुळ्याच्या विहीणबाईंस तर हें कळूंच दिलें नाहीं.

खरें सांगावयाचें तर आम्हीही चपापलों. भावप्रकाशांतील 'फिरंग' रोग आम्ही वाचलेला. पण लक्षणें मावळल्यावरही तो वर्षानुवर्षें अंगांत दडून राहतो व गर्भास ग्रासतो, हें ठाऊक नव्हतें. परमा आणि क्लॅमिडिया तर पुष्कळ स्त्रियांत कांहींच लक्षण दाखवीत नाहींत. डॉ. राणी व अभय बंग ह्यांनीं गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासून १९८९ सालीं निष्कर्ष छापले: स्त्रीरोग वा गुह्यरोग ९२ टक्क्यांस, तक्रार मात्र ५५ टक्क्यांचीच! पेनिसिलिननें बरा होणारा उपदंश, आणि तो मानापोटीं शोधावयाचा नाहीं?

शेवटीं आम्हींच चिरंजीवांस म्हटलें, "तूंही रक्त दे." दोघेही गेलीं. कागद निर्दोष आले. सूनबाईंनीं ते सासूबाईंच्या हातीं दिले. त्यांनीं चष्मा लावून दोनदां वाचले व देवघरांत पंचांगाखालीं ठेविले.