एक फेरी सवानाची

माझा मुलगा त्रिनिदाद बेटावर एका वायू प्रकल्पात इंजिनिअर आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारी ते मे असे चार महिने मी त्याच्याकडे पोर्ट ऑफ स्पेन शहरात राहिले. त्याचे अब्बा जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्या दोन वर्षांत मी घराबाहेर पडले ती दवाखान्यात नाही तर कुणाच्या मयतीला. शुगर वाढली, गुडघे धरले. डॉक्टर दर वेळी सांगायचे, रोज तासभर चाला. पण चिपळूणच्या आमच्या मोहल्ल्यात चालणार कुठे? अरुंद रस्ता, त्यावर रिक्षा आणि मोटारसायकली, आणि दर दहा पावलांवर प्रश्न, "कुठं निघालात भाभी?" बाजार, दवाखाना, नातेवाईक, यांपैकी एक उत्तर बाईजवळ तयार हवे. "सहज" म्हटलेले कुणाला पटत नाही.

तिथे पहिले आठ दिवस मी खिडकीतच बसून होते. मग एका संध्याकाळी असरनंतर सून म्हणाली, "अम्मी, चला, सवानाला जाऊ."

क्वीन्स पार्क सवाना म्हणजे शहराच्या मधोमध सुमारे २६० एकरांचे मोकळे गवताळ मैदान. उत्तरेला डोंगर, पश्चिमेला जुन्या थाटाच्या सात इमारतींची रांग. सभोवती एकदिशा वाहतुकीचा रस्ता आणि मैदानाच्या कडेने चालणाऱ्यांची पायवाट. एक पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटरची. पहिल्या दिवशी मी पाव फेरीतच बाकावर टेकले. महिन्याभरात, अल्हमदुलिल्लाह, मगरीबच्या आत पूर्ण फेरी होऊ लागली. हिजाब घातलेल्या मुली, काळ्या वर्णाच्या आजीबाई, फुटबॉल खेळणारी पोरे, सगळे तिथे. येणारा-जाणारा "गुड इव्हनिंग" म्हणे आणि पुढे जाई. कुठे निघालात, असे चार महिन्यांत कुणी विचारले नाही. फेरी संपली की कडेला शहाळेवाला. त्याचा कोयत्याचा हात आमच्या कोकणातल्या माणसासारखाच सफाईदार.

या मैदानाची कथा सुनेने मला चालता चालता सांगितली. इथे पूर्वी पेशिए नावाच्या कुटुंबाचा उसाचा मळा होता आणि त्यात गुलाम राबत. १८१७ मध्ये गव्हर्नर राल्फ वुडफर्ड यांच्या काळात सरकारने ती जमीन विकत घेतली. आधी तिथे गुरे चरत, पुढे ती सगळ्या शहराची झाली. मळा विकताना त्या कुटुंबाने एक लहानसा तुकडा मात्र दिला नाही, आपले कब्रस्तान. सवानाच्या आत भिंतीने वेढलेले ते आजही आहे. त्याच्याजवळून जाताना माझी पावले रोज मंदावत. बाकी सगळे विकले, आपली माणसे तेवढी ठेवली. मी मनात फातिहा पढून त्यांच्या अब्बांना बख्शत असे.

सवानाच्या उत्तरेला १८१८ मध्ये सुरू झालेली वनस्पती बाग आहे. तिथले विस्तीर्ण छत्रीसारखे झाड पाहून मी थबकले. आपल्याकडे रस्त्याकडेला असतो तो वर्षावृक्षच! तिथे त्याला सामान म्हणतात. आपल्याला अगदी घरचा वाटणारा हा वृक्ष मुळात अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. उलट आंबा गेला आपल्या मुलखातून. तिथल्या लोकांना 'ज्युली' आंब्याचे फार कौतुक. मी चाखला, गोड आहे. पण हापूसच्या गावच्या बाईने जास्त बोलू नये.

माणसेही अशीच गेली. ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून निघालेले 'फतेल रझाक' हे जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागले. गुलामी संपल्यामुळे मळेवाल्यांना मजूर हवे होते. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार हिंदुस्तानी तिथे पोहोचले, बहुतेक अवध-बिहारकडचे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. करार पाच वर्षांचा. त्या काळात मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर मालकाचा लेखी पास लागे. पासाशिवाय रस्त्यावर सापडलेल्या मजुराला दंड किंवा तुरुंग. करार संपलेल्यालाही सुटकेचा कागद जवळ बाळगावा लागे. हे ऐकले त्या दिवशी मी फेरी अर्धी टाकून बाकावर बसले. त्या बायकांनाही कुणीतरी विचारत असेल, कुठे निघालीस? आणि उत्तर चुकले तर कोठडी.

सवानाच्या पश्चिमेला सेंट जेम्स भाग आहे. तोही पूर्वी उसाचा मळाच. तिथल्या गल्ल्यांची नावे दिल्ली, आग्रा, लखनौ, पाटणा. मोहरममध्ये तिथे ताजिये निघतात, ताशे वाजतात आणि सगळ्या धर्मांचे लोक रस्त्यावर येतात. त्याला 'होसे' म्हणतात. १८८४ मध्ये सान फर्नांडो शहरात शिरू पाहणाऱ्या अशाच मिरवणुकीवर इंग्रज सरकारने गोळ्या झाडल्या होत्या. माणसे मेली. आज ३० मे ही त्या देशात सार्वजनिक सुट्टी आहे आणि ईदुल फित्रचीही.

गावी परतले तेव्हा शुगर बरीच खाली आली होती. पण मोहल्ला तोच, रस्ता तोच. आमच्या जवळच्या शाळेच्या मैदानाला सकाळी कुलूप असते. मी आणि शेजारच्या दोघी विश्वस्तांना भेटलो. फजरनंतर शाळा भरेपर्यंत मैदान बायकांना चालायला उघडून द्या, एवढेच मागणे. दोन-तीन खेटे झाले, मग किल्ली मिळाली. आता आम्ही सहा जणी चालतो. पावसाच्या सुरुवातीला कुंपणाकडेने चार आंबे आणि दोन जांभळीही लावल्या. झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो.

भगिनींनो, तुमच्याही गावात अशी एखादी कुलूपबंद मोकळी जागा असेल. तिची किल्ली कोणाकडे आहे, एवढे विचारून पाहा. आणि मोहल्ल्यातली एखादी बाई एकटीच चालताना दिसली, तर कुठे निघालीस, असे विचारू नका. सलाम करा आणि जमले तर चार पावले तिच्याबरोबर चाला.