टायरवरचे आकडे

आमच्या थोरल्या बंधूंच्या दारात पिकअप उभी राहिली ती २०२१ च्या दिवाळीनंतर. गाडी पुतण्याच्या नावावर, कर्ज फायनान्सचे आणि जामीन आमचा. घरात पगाराची पावती मिळणारे आम्ही एकटेच, म्हणून सहीलाही आम्हीच. बंधूंनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून काढला. त्यांच्या मुलाच्या हातात स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग आले, याचा आनंद काय असतो ते आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आम्ही बी.कॉम. आहोत. जालन्यात कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज, दाखले, रेशनकार्डाची कामे करून देतो. त्यामुळे हिशेबाचा विषय निघाला की घरातले सगळे आमच्या तोंडाकडे पाहतात. आम्हालाही ते आवडते. येथेच घोटाळा झाला.

पिकअप म्हणजे चाकावरचा धंदा. मोसंबीच्या दिवसांत बागेतून जालन्याच्या बाजारात मोसंबी, खरिपाच्या तोंडावर खताची पोती, मग कापूस, मग कांदा. कधी डांबरी रस्ता, कधी मुरूम, कधी पाण्यापावसातली काळी माती. सव्वादोन वर्षांत मागचे दोन्ही टायर गुळगुळीत गोटा झाले. टायरच्या खाचांत तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात. ते फक्त १.६ मिलिमीटर उंच असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले असे समजायचे. आमचे टायर ती पातळी केव्हाच ओलांडून गेले होते.

पुतण्या नवे टायर घ्या म्हणाला. आम्ही वही काढली. मुलीची कॉलेजची फी, बंधूंचे दवाखान्याचे बिल आणि गाडीचा हप्ता, सगळे त्याच महिन्यात होते. नव्या जोडीला तेरा-चौदा हजार आणि रिमोल्डच्या जोडीला साडेपाच. आम्ही रिमोल्डवर बोट ठेवले. फेब्रुवारी २०२४ ची ही गोष्ट.

रिमोल्ड टायर वाईटच असतो असे कोणी समजू नये. आपल्या एस.टी. महामंडळाचे स्वतःचे टायर रिट्रेड करण्याचे कारखाने आहेत आणि लाखो प्रवासी तशा टायरवर फिरले आहेत. पण तेथे जुन्या टायरचे अंग तपासून मगच त्यावर नवे रबर चढवतात. आम्ही काय केले? आमचेच जुने टायर देऊन रिट्रेड करून घेतले असते, तर त्यांचे वय तरी ठाऊक असते. आम्ही दुकानात तयार पडलेले घेतले, कारण ते आणखी आठशे रुपयांनी स्वस्त होते.

मे महिन्यात कांदा काढून सात बाया पिकअपमध्ये मागे बसून परत येत होत्या. त्यांत आमच्या वहिनीही होत्या. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही हे आम्हाला माहीत होते. आम्ही त्यावर वस्तीत दोनदा बोललोही होतो. पण उन्हात दिवसभर वाकलेल्या बाईला चार किलोमीटर चालत ये म्हणून कोण सांगणार? दुपारचे तीन वाजले होते, डांबर नुसते तापलेले. मागच्या उजव्या चाकाचे वर चढवलेले रबर पट्ट्यासारखे सुटले, पाठोपाठ टायर फुटला. पुतण्याने गाडी बाभळीला घासत उभी केली. कोणी दगावले नाही. वहिनींचा उजवा हात मनगटात मोडला. तो पुढे जुळला, पण वाकडा जुळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो फाटका टायर निरखून पाहिला. बाजूच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे होते, ३७१४. पंक्चरवाल्या मिस्त्रींनी अर्थ सांगितला. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा, नंतरचे दोन वर्ष. म्हणजे २०१४ सालचा सदतिसावा आठवडा. नऊ वर्षांहून जुन्या रबरावर आम्ही सात बाया बसवल्या होत्या. लोकांच्या दाखल्यांवरच्या जन्मतारखा आम्ही दहादा तपासतो, आणि येथे एकदाही पाहिले नाही.

त्यानंतर पुतण्याने आम्हाला काही विचारले नाही. जूनमध्ये गावी गेलो तर गाडीला चारही टायर नवे. उधारी करून सत्तावीस हजार घातले होते. "काका, हे ऑल टेरेन आहेत. कुठंबी चालतात." एवढेच बोलला आणि फडक्याने चाक पुसू लागला.

टायर दिसायला जबरदस्त होते. साध्या टायरवर लांब सरळ रेघा असतात, यावर जाड ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद खाचा. नक्षी थेट बाजूच्या भिंतीवर उतरलेली. भिंतीवर एम आणि एस अशी अक्षरे. एम म्हणजे मड, चिखल. एस म्हणजे स्नो, बर्फ. अंबड तालुक्यात बर्फ पडायची वाट पाहत टायर तयार होते म्हणायचे!

थट्टा बाजूला ठेवू. त्या टायरांनी चांगले काय केले ते आधी सांगितले पाहिजे. कॅनॉलच्या कडेचा मुरमाचा रस्ता, जेथे पूर्वी मागची चाके जागच्या जागी फिरत, तेथून गाडी भरल्या मालाने वर येऊ लागली. खडीवर टायर चिरण्याचे प्रमाण जवळपास थांबले. पूर्वी महिन्याला दोन पंक्चर ठरलेली, आता तीन-तीन महिने मिस्त्रींची भेट नाही. बागवाले शेतकरी म्हणू लागले, तुझीच गाडी आत येते, तूच ये. पावसाळ्यातली भाडी वाढली. उधारी दिवाळीच्या आत फिटली. पुतण्याने आम्हाला तो हिशेब मुद्दाम वाचून दाखवला आणि आम्ही तो मुकाट्याने ऐकला.

आता दुसरी बाजू. डांबरी रस्त्यावर त्या टायरांचा एकसारखा घों-घों आवाज. समृद्धी महामार्गावर नागपूरच्या बाजूला एक भाडे होते, आम्ही सोबत होतो. त्या सिमेंटच्या रस्त्यावर तर कॅबिनमध्ये एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. ठोकळे रस्त्यावर आपटतात आणि खाचांतली हवा दबून सुटते, त्याचा तो आवाज. टायर जड आणि खरबरीत म्हणून डिझेल जास्त जाते. आमच्या वहीप्रमाणे लिटरला सव्वा किलोमीटरचा फरक पडला. ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर गाडी थोडी पुढे जाऊनच थांबते, कारण ठोकळ्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी. हे पुतण्यानेच सांगितले. तो वेग कमी ठेवू लागला होता.

आणि काळी माती! कुठंबी चालतात हे वचन तेथे संपले. मुरूम आणि वाळू खाचांतून झडून जाते; काळी चिकण माती जात नाही. दहा पावले गाडी गेली की खाचा लिंपून जातात आणि चाक म्हणजे मातीचा लाडू होतो. मग टायर ऑल टेरेन असो की गोटा, दोन्ही सारखेच. शिवाय आमच्या गाडीत इंजिनची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. पुढचे टायर कितीही दात असलेले असले तरी ते फक्त ढकलले जातात. पाणंदीत अडकलेली आमची गाडी दोनदा बैलांनी ओढून काढली. बैलांना टायर बदलावे लागत नाहीत, असे बंधू म्हणाले.

असे पंधरा महिने गेले. २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात त्या महिन्यात पाऊस कसा कोसळला ते सर्वांना आठवत असेल. एका रविवारी आम्ही गावी होतो. पुतण्या आंघोळ करीत होता आणि आम्ही सहज गाडीभोवती फिरत होतो. मागच्या डाव्या टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा दिसला. आतले दोरे तुटले की हवा तेथून बाहेर ढकलते. असा टायर दुरुस्त होत नाही.

टायर चांगल्या कंपनीचा, वय कमी, नक्षी अजून अर्धी शिल्लक. मग असे का व्हावे? त्या दिवशी आम्ही चष्मा लावून भिंतीवरचे एकेक अक्षर वाचले. २१५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि रिम १५ इंचाची. हे माप बरोबर होते. त्याच्यापुढे १०० हा आकडा आणि एक अक्षर. अक्षर वेगाचे. पण १०० म्हणजे किलो नव्हे. तो वजनाचा सांकेतिक आकडा. १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, १०४ असेल तर ९००, १०९ ला १,०३०, ११२ ला १,१२०.

आम्ही वही काढली. चार टायर, प्रत्येकी ८००, एकूण ३,२००. गाडी मालासह तीन टनांच्या आसपास. वरकरणी भागते. पण माल चारही चाकांवर सारखा बसत नाही. पन्नास किलोची सव्वीस पोती हौद्यात टाकली की ते वजन बहुतेक सगळे मागच्या चाकांवर जाते. तीन टनांतले दोन टन मागे धरले तरी एका चाकावर एक हजार किलो आले. टायर पेलतो आठशे. ते टायर जीपगाडीसाठी होते, ज्यात माणसे आणि बॅगा असतात. मालगाडीच्या टायरवर एल.टी. अशी अक्षरे असतात, म्हणजे लाइट ट्रक. त्याचे अंग जास्त वजनासाठी बांधलेले असते. माप तेच, रिम तीच, नक्षी जास्त देखणी, आणि दुकानदाराने गाडी कोणती एवढेच विचारले, माल किती भरता हे विचारले नाही.

पुतण्या टॉवेल खांद्यावर टाकून शेजारी उभा होता. आम्ही हिशेब समजावला. त्याचे तोंड उतरले. "दहावीला इंग्रजीत पस्तीसच होते, काका. एवढं बारीक कोण वाचतंय?" आम्ही म्हणालो, "बाळा, आमचे तर बी.कॉम. झालेले आहे आणि आम्ही मोठे मोठे चार आकडे वाचले नव्हते." गेल्या वर्षापासून आमच्या दोघांत जे अडून बसले होते, ते त्या वाक्याने थोडे मोकळे झाले.

आता नवे टायर घ्यायचे, हे ठरले. आणि आमच्यातला कारकून पुन्हा जागा झाला. ३ सप्टेंबरला जी.एस.टी.चे नवे दर जाहीर झाले होते. टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर येणार, पण २२ तारखेपासून. आम्ही म्हणालो, "पंधरा दिवस थांबलो तर दहा टक्के वाचतील. तोवर माल कमी भर."

कोणी काही बोलले नाही. वहिनी चहा घेऊन आल्या. त्या आता कपबशी डाव्या हाताने देतात. उजवा हात नुसता खाली लावतात. "घ्या भावजी," म्हणाल्या. आम्ही कप घेतला आणि चहा निवेपर्यंत वहीकडे पाहत बसलो.

मग हिशेब पुन्हा मांडला. करासोडून टायर साडेपाच हजार. २८ टक्क्यांनी कर १,५४०, १८ टक्क्यांनी ९९०. एका टायरमागे फरक ५५०, दोघांमागे अकराशे. मोसंबीच्या हंगामात गाडीचे एका दिवसाचे भाडे यापेक्षा जास्त येते. पंधरा दिवस गाडी उभी ठेवली तर पंधरा भाडी बुडणार, आणि चालवली तर तो फुगा. हे गणित मांडायला बी.कॉम. लागत नाही. ते आम्ही दीड वर्षापूर्वीही मांडू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही पुतण्याबरोबर जालन्याच्या दुकानात गेलो. मागच्या चाकांना एल.टी. अक्षरांचे, आडव्या खोल खाचांचे टायर घेतले. वजनाचा आकडा एका चाकाला हजार किलोच्या पुढे नेणारा. पुढच्यांसाठी उभ्या रेघांचे एल.टी. टायर ठरवले, पुढच्या चाकांचे काम वळायचे आणि ब्रेक धरायचे, तेथे ते शांत चालतात. ट्रकवाले वर्षानुवर्षे असेच लावतात, पुढे रेघा, मागे खाचा. पुढच्या दोघांवर फुगा नव्हता आणि मालाचा भारही कमी, म्हणून ते २२ तारखेनंतर घ्यायचे ठरले. मुरमावर पूर्वीइतकी पकड राहणार नाही हे पुतण्याला माहीत आहे. दोन-तीन बागा सुटतील म्हणाला.

दुकानदार टायर बसवायला नेणार, एवढ्यात पुतण्याने हात आडवा केला. खाली उकिडवा बसला, मोबाईलची बॅटरी लावली आणि चौकट शोधून आकडे मोठ्याने वाचले, "दोन-चार, दोन-पाच." मग आमच्याकडे पाहिले. २०२५ चा चोविसावा आठवडा, म्हणजे जून. आम्ही मान हलवली.

बाया अजूनही संध्याकाळी रस्त्याला हात करतात. पुतण्या कॅबिनमध्ये बसतील तेवढ्या दोघींना घेतो आणि बाकीच्यांना नाही म्हणतो. त्यावरून आमच्या घराबद्दल वस्तीत बरे बोलले जात नाही. गाडी आली तशी माणुसकी गेली, असे एकीने वहिनींच्या तोंडावर सांगितले. कांद्याच्या दिवसांत वस्तीतल्या बायांना वर्गणीवर रिक्षा लावून देण्याचे आमचे बोलणे चालू आहे, अजून जमलेले नाही. फुगा आलेला टायर अंगणात पडून आहे. त्यावर बंधूंची शेळी चढून बसते.