सैल सांधे, घट्ट सांधे

1964 साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने सुमारे एक फूट उंचीचा ‘जी. आय. जो’ नावाचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या धास्तीने कंपनीने ‘बाहुली’ हा शब्दच टाळला आणि ‘ॲक्शन फिगर’ हे नवे नाव रूढ केले. नाव व्यापारी चातुर्याचे होते. तरी त्यात तथ्य होतेच. या खेळण्याचा प्राण त्याच्या सांध्यांत असतो. हात वळेना, गुडघा वाकेना, तर उरतो केवळ रंगवलेला ठोकळा.

1982 मध्ये हा सैनिक पावणेचार इंचांचा झाला. त्याची रचना मोठी युक्तीची. छातीचे दोन अर्ध पाठीवरील एका स्क्रूने जोडलेले, दोन्ही पाय धातूच्या एका आकड्यात अडकवलेले, आणि तो आकडा व छाती यांना ताणून धरणारी एक लहानशी काळी रबरी कडी. कंबर वळते ती या कडीमुळे. पुढे फनस्कूलने हे सैनिक भारतातही तयार केले, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडील कित्येक मुलांनी वाढदिवसाचे पैसे त्यांच्यापायी खर्चिले.

सांगलीतील एका निवृत्त विज्ञानशिक्षकाच्या माळ्यावर असे सात सैनिक बुटांच्या खोक्यात पडून होते. ते ज्याचे, तो मुलगा चोविसाव्या वर्षी अपघातात गेला. आईने खोके दोरीने बांधून वर ठेवले. त्यानंतर ते कोणी उघडले नाही. यंदा सुटीत आलेल्या आठ वर्षांच्या नातवाने ते शोधून काढले. पहिलाच सैनिक हाती घेतला आणि त्याचे दोन तुकडे झाले. पोर भेदरले. आजी दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण बोलली नाही हेच मुलाला अधिक लागले.

अप्पांनी तुकडे जवळ घेतले. पाठीचा स्क्रू काढला, तो कडीचा ठिसूळ चुरा तळहातावर पडला. “हे बघ बाळ, हे तू मोडलं नाहीस,” ते म्हणाले; बोलले नातवाशी, पण ऐकवायचे होते दुसऱ्याला. ताणलेल्या रबराला हवेतील ओझोन हळूहळू चिरा पाडतो. खेळणे कोणी वापरो वा न वापरो, कडी ताणलेलीच असते. बाकीचे सहाही उघडून पाहिले. तिघांच्या कड्या तशाच तुटलेल्या, दोघांच्या तुटण्याच्या बेतात. फक्त एकाची कशीबशी शाबूत होती.

नळाचे वायसर विकणाऱ्या दुकानात मापाची ओ-रिंग मिळते. कडी आकड्यात घालून छातीतील खुंटावर चढवायला चिमटा लागतो आणि धीर त्याहून अधिक. स्क्रू मात्र जपून आवळावा. खांदे दोन अर्धांच्या मध्ये धरलेले असल्याने स्क्रू पिळला की सैल हात ताठ होतात, हे खरे. पण अर्धा फेरा जास्त झाला की जुने प्लास्टिक तडकते.

नातवाच्या स्वतःच्या नव्या खेळण्याचे दुखणे वेगळे होते. एका मांडीचा गोळा खोबणीत सैल, त्यामुळे ते उभे राहीना. दुसरा खांदा इतका घट्ट की फिरवता मोडेल. घट्ट सांधा गरम पाण्यात अर्धा मिनिट धरला की प्लास्टिक नरमते. मग तो सावकाश हलवून थेंबभर सिलिकॉन तेल द्यावे. यंत्राचे तेल नको. काही प्लास्टिकांना ते तडे पाडते. सैल गोळा खोबणीतून काढून त्यावर फेविक्विकचा अगदी पातळ थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, आणि मगच गोळा परत बसवावा. येथे घाई करणाऱ्याचा सांधा जन्माचा चिकटतो. थर जाड झालाच तर पॉलिश पेपरने घासता येतो. नातू दर पाच मिनिटांनी “वाळलं का अप्पा?” विचारीत होता. अप्पांनी ते रात्रभर कपाटावर ठेवून दिले, हे उत्तम केले.

तोच पॉलिश पेपर घेऊन अप्पा एका जुन्या सैनिकाच्या मनगटाकडे वळले. तेथे प्लास्टिक खरबरीत झाले होते.

“अहो, तेवढं राहू द्या,” आजी म्हणाली. “त्याच्या दातांच्या खुणा आहेत त्या.”

नातवाने तो सैनिक उजेडात धरून खुणा मोजल्या. आजी त्याच्याजवळ बसली. मामा अभ्यास करताना काय काय चावायचा, हे तिने त्याला बराच वेळ सांगितले.

दुकानात मापाच्या चारच ओ-रिंग होत्या. चार सैनिक आता खिडकीत उभे आहेत. राहिलेल्यांसाठी कोल्हापुरास जावे लागेल.