हरळी आणि हिरवळ

वसंत ऋतू सर्वत्र एकाच रीतीने येत नाही. सह्याद्रीच्या उतारांवर तो येतो तेव्हा पळस-पांगारे फुललेले असतात, पण पायाखालचे गवत वाळून गेलेले असते. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू जर्सी राज्यात, जिथे माझे घर आहे, तिथे क्रम नेमका उलटा. झाडे अजून निष्पर्ण असतात आणि वितळलेल्या बर्फाखालून आधी हिरवे होते ते गवत. त्यामुळे येथील घरमालकाचा वसंत वर पाहण्याने नव्हे, तर खाली वाकण्याने सुरू होतो.

घरापुढील हिरवळ ही येथे केवळ हौसेची बाब नाही. इंग्लंडमधील एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याचे यंत्र तयार केले आणि सरदार-जमीनदारांच्या वाड्यांपुढील हिरवळ हळूहळू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही हजारो घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हा घराबरोबरच गवत नियमितपणे कापण्याचे बंधनही मालकाकडे आले. नीट राखलेली हिरवळ हे चांगल्या शेजाऱ्याचे लक्षण ठरले. परदेशातून आलेल्या माणसाला हे लक्षण अधिकच जपावे लागते. त्याच्या बोलण्यातला हेल कानाआड करता येतो. वाढलेले गवत मात्र रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

मार्चअखेरच्या पहिल्या उबदार दिवशी हात शिवशिवू लागतात. पण हिरवळीचा पहिला धडा थांबण्याचा आहे. बर्फाचे पाणी मुरलेल्या मातीवर वावरले की ती दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो. आपल्या शेतकऱ्याप्रमाणे येथेही वाफशाची वाट पाहावी लागते. मूठभर माती दाबावी. गोळा बोटाच्या धक्क्याने सहज फुटला, तर वाफसा झाला असे समजावे. मगच दंताळ्याने मेलेले गवत आणि पालापाचोळा ओढून काढावा. मातीचे परीक्षण करून घ्यावे आणि ती फार आम्ल निघाली तर चुना द्यावा. खताच्या बाबतीत हात आखडता हवा. राज्याच्या २०११ च्या कायद्यानुसार १ मार्चपूर्वी घरमालकाला हिरवळीला खत घालता येत नाही आणि परीक्षणात उणीव दिसल्याखेरीज जुन्या हिरवळीला स्फुरद देता येत नाही. कारण वरकड खत पावसाबरोबर ओढ्यांत आणि खाड्यांत उतरते. शिवाय वसंतात भरमसाट नत्र दिले, तर पाती फोफावतात, मुळे दुबळी राहतात आणि जुलैच्या उन्हात असे गवत मान टाकते. थंड हवेतील या गवतांना खत खऱ्या अर्थाने मानवते ते शरदात. कापणीही बेतानेच करावी. गवत तीन इंचांच्या खाली नेऊ नये आणि एका वेळी त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक छाटू नये. उंच गवताची सावली मातीवर पडते आणि तिच्याखाली पुष्कळ तणांना डोके वर काढता येत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न या तणांचाच. क्रॅबग्रास हे येथील हाडवैरी तण. मातीचे तापमान काही दिवस १३ अंश सेल्सियसच्या आसपास टिकले की त्याचे बी रुजू लागते. अनुभवी माणसे त्यासाठी तापमापक शोधत नाहीत. फोर्सिथियाच्या झुडपाकडे पाहतात आणि त्याची पिवळी फुले गळून जाण्याआधी औषध टाकतात. मृगाचे किडे दिसताच पेरणीच्या तयारीला लागणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मला ही रीत मुळीच परकी वाटली नाही. मात्र बी रुजू न देणारे हे औषध बहुधा तणाच्या आणि गवताच्या बियांत भेद करीत नाही. जिथे ते टाकले, तिथे त्या वसंतात नवे गवत पेरण्यात अर्थ नसतो.

एका एप्रिलमध्ये वडील साताऱ्याहून आले होते. सारी हिरवळ पोपटी झाली असताना मोटारीच्या डांबरी वाटेकडेचा एक पट्टा पिवळाच राहिला होता. शेजाऱ्याने सांगितले, हे गवत मेले आहे, उकरून नवे बी पेरा. वडिलांनी खुरपे मागितले, कोपरा उकरला आणि पेरापेरांची पांढरी मुळी चिमटीत धरून ते म्हणाले, "अरे, मेली कुठली? हरळी आहे ही. ऊन लागू दे, मग बघ."

ती हरळीच होती. अमेरिकेत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. दक्षिणेकडील राज्यांत ती मानाची हिरवळ. आमच्याकडे थंडीत पिवळी पडते म्हणून तण. वडिलांची अर्धी हयात उसातली हरळी खणण्यात गेली होती. तिचेच कोवळे तुरे ते भाद्रपदात गणपतीला वाहत आले होते. शेतात ती तण आणि देव्हाऱ्यात ती दूर्वा, यात त्यांना कधी विसंगती जाणवली नाही. जिचा नायनाट करू पाहायचे, तिच्याच मुळीसारखा वंश वाढो असा आशीर्वादही द्यायचा, ही आपली जुनी रीतच आहे.

नावांवर जावे, तर आणखी गंमत. बर्म्युडा ग्रास मूळचे बर्म्युडा बेटांवरचे नाही. ज्या केंटकी ब्लूग्रासच्या रक्षणासाठी एवढा खटाटोप, तेही मूळचे केंटकीचे नाही. युरोप-आशियातले हे गवत वसाहतवाल्यांबरोबर येथे आले. डँडेलियनही युरोपातूनच आले. लोक त्याची पाने भाजी म्हणून खात. माझ्या अंगणात मूळचे रहिवासी जवळजवळ कोणीच नाही. कोणी आधी आले, कोणी नंतर, एवढेच.

तरीही ती हरळी काढावी लागली. तिच्या धावत्या फुटव्यांना सीमारेषा कळत नाही आणि माझी दूर्वा शेजाऱ्याच्या अंगणात लादण्याचा मला अधिकार नव्हता. वडिलांनी चार मुळ्या तेवढ्या एका कुंडीत लावल्या. मे महिन्यात त्यांना हिरवे कोंब आले आणि भाद्रपदापर्यंत कुंडी काठोकाठ भरून बाहेर लोंबू लागली.

हिरवळ राखणे म्हणजे निवड करणे. काहीतरी उपटावेच लागते. परंतु पिवळे दिसते ते सारेच मेलेले नसते. कशाचा तरी ऋतू अजून यायचा असतो. तेवढे पाहून मग खुरपे चालवावे.